लाकडाच्या स्टोव्हसाठी चिमणी: जुन्या विटांच्या धुराड्यात लायनर घालावा की घरातून नवी नळी वर न्यावी?

पानगळ

नमस्कार. आम्ही न्यू हॅम्पशरच्या दक्षिण भागात राहतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही १९७४ साली बांधलेले एक दीड मजली घर घेतले आणि येत्या हिवाळ्यापूर्वी त्यात लाकडावर चालणारा स्टोव्ह बसवायचे ठरवले आहे. घरात तेलावर चालणारा बॉयलर आहे, परंतु वीज गेली की तोही बंद पडतो आणि घर काही तासांत गारठते. २००८ च्या डिसेंबरात गोठणाऱ्या पावसाने झाडे आणि तारा आडव्या झाल्या, तेव्हा इथली काही घरे दोन-दोन आठवडे विजेवाचून होती, असे शेजारचे जुने रहिवासी आजही सांगतात. यंदा माझी आई साताऱ्याहून प्रथमच हिवाळ्यात राहायला येणार आहे. तिला दम्याचा त्रास आहे, त्यामुळे घर उबदार राहणे जितके गरजेचे आहे, तितकेच घरात धूर न येणेही गरजेचे आहे.

स्टोव्ह निवडून झाला आहे. तो ओतीव लोखंडाचा आहे, धूर बाहेर पडण्याचे तोंड वरच्या बाजूला असून त्याचा व्यास ६ इंच आहे, आणि अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या (ईपीए) २०२० च्या नियमांत तो बसतो. अडले आहे ते चिमणीपाशी. चार जणांनी चार सल्ले दिले आणि प्रत्येकाने तो ठामपणे दिला.

घराच्या उत्तरेकडील भिंतीला बाहेरून लागून विटांची जुनी चिमणी आहे आणि खाली दिवाणखान्यात तिची फायरप्लेस आहे. आत मातीचे चौकोनी अस्तर आहे. मी वरून माप घेतले, ते आतून ११ बाय ११ इंच भरले. पहिला सल्ला असा की, फायरप्लेसच्या तोंडाशी स्टोव्ह ठेवून एक आखूड नळी आत सोडावी, बाकीचे काम जुनी चिमणी करील. दुसरा सल्ला याच चिमणीत वरपासून खालपर्यंत स्टेनलेस स्टीलचा लायनर, म्हणजे आतून अस्तरासारखी बसणारी नळी, सोडण्याचा आहे. तिसरा असा की, जुनी चिमणी विसरून स्टोव्ह दिवाणखान्याच्या मध्यावर ठेवावा आणि छत, वरच्या खोलीतील कपड्यांचे क्लॉझेट, माळा आणि छप्पर असे भेदत नवी धातूची चिमणी न्यावी. याचा खर्च लायनरच्या जवळजवळ दुप्पट सांगितला आहे. चौथा सल्ला घरातली किरकोळ दुरुस्तीची कामे करणाऱ्या गृहस्थांचा. गॅरेजमध्ये पाणी तापवण्याच्या जुन्या गॅस-हीटरची दुहेरी पत्र्याची नळी पडून आहे, तीच वापरावी, ‘दुहेरी म्हणजे दुहेरी’ असे ते म्हणाले.

याशिवाय दुकानात एकेरी काळी नळी आणि दुहेरी काळी नळी असे दोन प्रकार दाखवले. दोन्हींच्या किमतीत बराच फरक आहे. दुहेरी नळी घेतली तर तीच सरळ छपरापर्यंत नेता येईल का? ज्यांनी स्वतः अशी जोडणी केली आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

सरपण

मी व्हरमाँटमध्ये राहतो आणि सतरा हिवाळे लाकडावरच घर तापवत आलो आहे. चौथ्या सल्ल्यापासून सुरुवात करतो, कारण तो जिवावर बेतणारा आहे. गॅस-हीटरच्या त्या नळीला बी-व्हेंट म्हणतात. तिचा बाहेरचा पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला असतो आणि आतली नळी ॲल्युमिनियमची असते. गॅसच्या उपकरणाचा धूर तुलनेने थंड असतो, त्याला ती पुरते. ॲल्युमिनियम सुमारे ६६० अंश सेल्सिअसला वितळते आणि चिमणीतील काजळीने पेट घेतला तर तापमान त्याच्या कितीतरी वर जाते. ती नळी गॅरेजमधून उचलून भंगारात द्या, म्हणजे पुढे कुणाच्या मनात तो विचार येणार नाही. जस्ताचा मुलामा दिलेली कोणतीही नळी स्टोव्हला जोडू नये, कारण तापल्यावर त्या मुलाम्यातून जस्ताची विषारी वाफ निघते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आपण ‘चिमणीची नळी’ हा एकच शब्द वापरतो, त्यामुळे गोंधळ होतो. प्रत्यक्षात या दोन वेगळ्या वस्तू आहेत. स्टोव्हपासून छतापर्यंत खोलीत उघडी दिसते ती जोडनळी, जिला दुकानात स्टोव्हपाइप म्हणतात. छतापासून पुढे आकाशापर्यंत जाते ती चिमणी, आणि धातूची असेल तर ती क्लास ए प्रकारचीच हवी. दुकानात पाहिलेल्या एकेरी आणि दुहेरी अशा दोन्ही काळ्या नळ्या जोडनळ्याच आहेत. दुहेरी जोडनळी कितीही जाड दिसली तरी तिच्या दोन पत्र्यांमध्ये केवळ हवा असते, त्यामुळे ती छतातून, भिंतीतून, क्लॉझेटमधून किंवा माळ्यातून नेता येत नाही. तिची हद्द खोलीच्या छताशी संपते.

क्लास ए चिमणीच्या दोन स्टेनलेस पत्र्यांमध्ये उष्णतारोधक भरलेला असतो. अमेरिकेत तिच्यावर यूएल या तपासणी संस्थेचा ‘यूएल १०३ एचटी’ असा शिक्का पाहून घ्यावा. यातील ‘एचटी’ ही दोन अक्षरे फार महत्त्वाची आहेत. ही नळी १००० अंश फॅरेनहाइटचा धूर सतत वाहून नेण्यासाठी तपासलेली असते आणि तिला २१०० अंशांचा मारा प्रत्येकी दहा मिनिटे असा तीन वेळा सोसावा लागतो. चिमणीत आग लागली तर घर वाचावे, यासाठी ही चाचणी आहे. नळीच्या बाहेरच्या पत्र्यापासून सर्व बाजूंनी लाकूड किमान २ इंच दूर हवे आणि ती जागा मोकळीच राहायला हवी. माळ्यावर काम करणारे लोक फट दिसली की तिच्यात काचलोकर कोंबतात. ती कोंबू नये म्हणूनच नळीभोवती पत्र्याचे कडे बसवतात.

एकेरी आणि दुहेरी जोडनळीत निवड कशी करायची, हे तुमच्या भिंतींवर अवलंबून आहे. एकेरी नळी २४ गेज किंवा त्याहून जाड काळ्या पत्र्याची असते आणि तिच्यापासून जळू शकणारी भिंत किंवा छत १८ इंच दूर असावे लागते. दुहेरी नळीला बहुतेक उत्पादकांच्या तक्त्यानुसार भिंतीपासून ६ इंच आणि छतापासून ८ इंच पुरतात, मात्र तुमच्या नळीसोबत येणाऱ्या कागदावरचा आकडाच खरा मानावा. एकेरी नळी खोलीला जास्त उष्णता देते, हे खरे आहे. पण ती उष्णता धुरातून काढून घेतलेली असते. तुमचा स्टोव्ह नव्या नियमांतला आहे, म्हणजे त्याने लाकडातील उष्णता आधीच पुष्कळशी शोषून घेतलेली असते आणि धूर मुळात थंडच बाहेर पडतो. त्याला वाटेत आणखी थंड केले तर वर पोहोचेपर्यंत त्यातील वाफ आणि डांबरी द्रव्ये नळीच्या भिंतीवर बसतात. यालाच क्रिओसोट म्हणतात. धुराचे तापमान साधारण २५० अंश फॅरेनहाइटच्या खाली गेले की हे प्रमाण झपाट्याने वाढते. तुमच्यासारख्या स्टोव्हला मी दुहेरीच नळी घेईन.

जोडणीतली एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. प्रत्येक नळीचे एक टोक सरळ आणि दुसरे चुण्या पाडलेले असते. चुण्यांचे टोक नेहमी खाली, म्हणजे स्टोव्हच्या दिशेला असावे. धूर वर जातो, तेव्हा चुण्याही वर असाव्यात, असे मनाला वाटते आणि मीही पहिल्या वर्षी तसेच केले. नोव्हेंबरच्या एका सकाळी स्टोव्हच्या पांढऱ्या एनॅमलवर तपकिरी ओघळ वाळलेले दिसले आणि घरभर जळक्या डांबराचा वास सुटला होता. वरून ओघळणारा द्रव आतल्या आत स्टोव्हमध्ये पडून जळून जायला हवा होता, तो प्रत्येक जोडातून बाहेर झिरपत होता. ते डाग मी पुष्कळ घासले, पण आजही आहेत. प्रत्येक जोडाला पत्र्याचे तीन स्क्रू लावा. शक्य तितकी नळी सरळ उभी ठेवा. वळण घ्यावेच लागले तर काटकोनाच्या एका कोपऱ्याऐवजी ४५ अंशांचे दोन वापरा, आणि आडव्या भागाला दर फुटाला किमान पाव इंच चढ द्या.

पानगळ

मनापासून आभार. जोडनळी आणि चिमणी या दोन वस्तू आहेत, हे इतक्या स्पष्टपणे कुणीच सांगितले नव्हते. बी-व्हेंट उद्याच भंगारात जाईल. आता मुख्य प्रश्न उरतो, तो लायनर की नवी चिमणी हा. बॉयलरचा धूर फायरप्लेसच्या नळीत मिसळत नाही, त्याची वाट पूर्णपणे वेगळी आहे. खर्चातील फरक मोठा असल्यामुळे मन लायनरकडे झुकते आहे. शिवाय पहिल्या सल्ल्यात नेमके काय चूक आहे, हेही समजून घ्यायचे आहे, कारण तो देणाऱ्या गृहस्थांच्या घरी तशीच जोडणी गेली अनेक वर्षे चालू आहे.

ओंटारिओकर

पहिल्या सल्ल्याचे उत्तर मी अनुभवाने देऊ शकतो. आमच्या पहिल्या घरात तशीच जोडणी होती. स्टोव्ह फायरप्लेसमध्ये ढकललेला होता, दोन फुटांची नळी मोठ्या धुराड्यात नुसती सोडलेली होती आणि भोवती काचलोकर कोंबलेली होती. घर घेताना आम्हाला त्याचे विशेष काही वाटले नाही. दुसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीतल्या एका रात्री, भिंतीमागून आगगाडी जावी तसा घरघराट सुरू झाला. स्टोव्हचे दार बंद होते, हवेची झडप बंद होती, तरी आवाज वाढतच गेला. बाहेर जाऊन पाहिले तर चिमणीच्या तोंडातून हातभर ज्वाळा येत होत्या आणि ठिणग्या छपरावरच्या बर्फात पडून विझत होत्या. अग्निशमन दल वेळेत आले आणि कुणाला इजा झाली नाही. दुसऱ्या दिवशी चिमणी साफ करणाऱ्याने कॅमेरा आत सोडून दाखवला. मातीच्या अस्तराला उभ्या भेगा गेल्या होत्या आणि न जळलेला काळा थर काचेसारखा चकचकीत होता. असा थर ब्रशने निघत नाही. त्याने आम्हाला सांगितले की, सुटी सोडलेली नळी साफ करायची तर आधी स्टोव्ह बाहेर ओढावा लागतो आणि हे दर वर्षी कुणी करत नाही, म्हणून काजळी वर्षानुवर्षे साचत राहते.

आता तुमच्या आकड्यांकडे पाहा. ६ इंच व्यासाच्या नळीचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस इंच असते. तुमच्या धुराड्याचे ११ गुणिले ११, म्हणजे १२१ चौरस इंच, चारपटीहून अधिक आहे. एनएफपीए २११ या अमेरिकी मानकानुसार सर्व बाजूंनी घराच्या आत असलेल्या चिमणीसाठी हे प्रमाण तीनपटीपेक्षा आणि भिंत बाहेर उघडी असलेल्या चिमणीसाठी दोनपटीपेक्षा जास्त चालत नाही. तुमची चिमणी उत्तरेच्या भिंतीबाहेर आहे, म्हणजे तिला दोनपटीची मर्यादा लागू होते. तेव्हा पहिला सल्ला नियमानेही बाद होतो. तो देणाऱ्या गृहस्थांनीही आपली चिमणी एकदा कॅमेऱ्याने तपासून घ्यावी, असे त्यांना आवर्जून सांगा.

लायनरने ही अडचण दूर होते, कारण मग धुराची वाट वरपासून खालपर्यंत ६ इंचांचीच राहते. तसे करायचे असेल तर लाकडासाठी यूएल १७७७ नुसार तपासलेला, ३१६ टीआय किंवा ३०४ एल प्रतीच्या स्टेनलेसचा लायनर घ्या आणि त्याला अर्ध्या इंचाचे सिरॅमिक तंतूंचे पांघरूण गुंडाळूनच आत सोडा. पांघरुणासकट त्याचा व्यास सव्वासात इंचांच्या आसपास होतो आणि तो ११ इंचांत आरामात बसेल. अडेल ते खाली. फायरप्लेसच्या गळ्याशी ओतीव लोखंडाचा जुना डॅम्पर, म्हणजे धुराची वाट उघडणारी-मिटणारी झडप, असतो, त्याची फट चार-पाच इंचांचीच असते, आणि तिथे डॅम्परची चौकट कापावी लागते. लायनर उतरल्यावर त्याच गळ्याशी पत्र्याचे झाकण घालून वर दगडी लोकर भरावी, नाहीतर खोलीची उष्णता धुराड्यात चढून वाया जाते. पांघरूण नको, ते ऐच्छिक आहे, असे कुणी सांगितले तर ऐकू नका. १९७४ च्या घरात विटांच्या मागे लाकडी चौकट किती जवळ आहे, हे भिंत फोडल्याशिवाय कळत नाही. पांघरूण असलेल्या लायनरची मान्यता विटांना टेकलेले लाकूड धरूनच दिलेली असते.

इकडे कॅनडात धातूच्या चिमणीसाठी यूएलसी एस६२९ हे मानक आहे. त्यात २१०० अंशांचा मारा दहाऐवजी तीस मिनिटांचा असतो. बहुतेक विमा कंपन्या ‘वेट’ या लाकडी स्टोव्हच्या कामाचे प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेच्या प्रमाणपत्रधारकाकडून केलेल्या तपासणीचा अहवाल मागतात. तुमच्याकडेही काम सुरू करण्यापूर्वी गावच्या इमारत निरीक्षकाचा परवाना आणि विमा कंपनीचे लेखी उत्तर, दोन्ही हातात ठेवा.

द्रवगती

माझे शिक्षण पुण्यात यंत्र अभियांत्रिकीचे झाले आणि नोकरीची सगळी वर्षे मी बॉयलर व धुराड्यांच्या कामात घालवली. वरील दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. आई दम्याच्या रुग्ण आहेत, म्हणून मी केवळ ‘ओढ’ या एका गोष्टीविषयी लिहितो. खोलीत धूर येणार की नाही, हे तिच्यावरच ठरते.

चिमणी पंख्याप्रमाणे धूर ढकलत नाही. आतली गरम हवा हलकी आणि बाहेरची थंड हवा जड, या दोन स्तंभांच्या वजनातला फरक म्हणजे ओढ. तो फरक चिमणीच्या उंचीवर आणि तिच्यातील सरासरी तापमानावर अवलंबून असतो. समजा, चिमणी ६ मीटर उंच आहे आणि बाहेर उणे ५ अंश सेल्सिअस आहे. आतले सरासरी तापमान २०० अंश असेल तर घर्षण वजा करण्यापूर्वीची ओढ सुमारे ३४ पास्कल (पास्कल हे दाबाचे एकक) येते. तेच १०० अंश असेल तर २२ पास्कल. आता ऑक्टोबरातली सौम्य संध्याकाळ घ्या. बाहेर १० अंश आहे, विस्तव नुकताच पेटवला आहे आणि चिमणीतले सरासरी तापमान ६० अंशांपलीकडे गेलेले नाही. तेव्हा ओढ जेमतेम ११ पास्कल उरते. आधुनिक स्टोव्हला साधारण १२ ते १५ पास्कल लागतात. म्हणजे त्या संध्याकाळी दार उघडताच धूर खोलीत येईल.

घराबाहेरची चिमणी आणि घरातून जाणारी चिमणी यांतला फरक इथेच आहे. घरातून जाणारी चिमणी विस्तव नसतानाही खोलीइतकी उबदार असते, त्यामुळे काडी ओढण्यापूर्वीच तिच्यात थोडी ओढ असते. बाहेरची चिमणी रात्रभरात बाहेरच्या हवेइतकी गार होते. घर स्वतःच एक उंच, गरम डबा असल्यामुळे त्याच्या तळमजल्यावर बाहेरून हवा आत खेचली जात असते आणि ती हवा थंड चिमणीतूनही उलटी खाली येऊ लागते. सकाळी स्टोव्हचे दार उघडल्यावर तोंडावर गार झुळूक आणि शिळ्या काजळीचा वास येतो, तो याच कारणाने. उष्णतारोधक पांघरूण असलेला लायनर हे बरेच सौम्य करतो, पण पूर्णपणे नाहीसे करत नाही.

दुसरी बाब आपल्या स्वयंपाकाची. आज मराठी घरात ‘चिमणी’ म्हटले की ओट्यावरची विजेची चिमणी आधी आठवते. अमेरिकेतील घरातही फोडणी देताना आपण तोच पंखा पूर्ण वेगाने लावतो. हा पंखा घरातली हवा बाहेर फेकतो आणि बंदिस्त घरात काही पास्कलची पोकळी निर्माण करतो. वरच्या ११ पास्कलमधून तेवढे वजा करा. पंख्याची क्षमता मिनिटाला ४०० घनफुटांहून अधिक असेल तर तिथल्या घरबांधणी संहितेप्रमाणे त्याच्यासाठी बाहेरून भरपाईची हवा आणण्याची व्यवस्था करावी लागते. तुमच्या पंख्यावरील आकडा पाहा. विस्तव पेटवताना आणि लाकूड घालताना तो पंखा बंद ठेवण्याची सवय आतापासूनच लावा, आणि ज्या खोलीत आई झोपतील तिच्याजवळ कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र बसवा.

माझे मत विचाराल तर, स्टोव्ह केवळ वीज गेल्यावर वापरायचा असता, तर पांघरूण घातलेला लायनर पुरेसा ठरला असता. तुम्ही तो रोज वापरणार असाल आणि घरात दम्याचा रुग्ण असेल, तर चिमणी घराच्या मध्यातून न्यावी. खर्चातला फरक मला मान्य आहे, तरीही माझा सल्ला हाच राहील.

पानगळ

आपण सर्वांनी इतका वेळ काढून लिहिलेत, त्याबद्दल शब्द अपुरे आहेत. पंख्यावरचा आकडा पाहिला, तो ३०० निघाला. स्टोव्ह रोजच वापरायचा आहे. काल रात्री पत्नीशी बोललो आणि आम्ही नव्या चिमणीच्या बाजूने निर्णय घेतला. फायरप्लेस आहे तशीच बंद ठेवू.

आज सकाळी ओळंबा घेऊन माळ्यापर्यंत जाऊन आलो. क्लास ए नळीचा बाहेरचा व्यास ८ इंच, दोन्ही बाजूंनी २ इंच मोकळी जागा, म्हणजे १२ इंचांची चौकट लागते. आमच्या तुळया १६ इंचांवर आहेत, त्यांच्यामध्ये साडेचौदा इंच मोकळे मिळतात. दिवाणखान्याच्या छतात आणि क्लॉझेटच्या जमिनीत ओळंबा तुळयांच्या बरोबर मधून गेला, याचा फार आनंद झाला. छपराजवळ मात्र तो एका वाशाच्या अगदी कडेला येतो. तिथे काय करावे? शिवाय छपराबाहेर नळी किती उंच काढावी लागेल? आमच्या छपराचा उतार फुटाला एक फूट आहे आणि ओळंबा आढ्यापासून आडव्या मापाने ४ फुटांवर येतो.

सरपण

वासा कापू नका. दिवाणखान्यात स्टोव्ह चार-पाच इंच सरकवून पाहा. तुळया आणि वासे एकाच अंतरावर असल्यामुळे बहुधा तिन्ही ठिकाणी मोकळी जागा देणारी एखादी रेषा सापडेल. ती नाहीच सापडली तर क्लास ए नळीचेच १५ किंवा ३० अंशांचे कोपरे मिळतात. त्यांची जोडी माळ्यात वापरून नळी बाजूला घेता येते, पण त्यामुळे सफाई अवघड होते, म्हणून तो शेवटचा पर्याय समजा.

उंचीचा नियम असा आहे. नळी छपरातून जिथे बाहेर पडते तिथून तिचे तोंड किमान ३ फूट वर हवे आणि १० फुटांच्या परिघात घराचा जो भाग सर्वांत उंच असेल त्याहून ते २ फूट वर हवे. तुमची नळी आढ्यापासून ४ फुटांवर आहे, म्हणजे तिथे छप्पर आढ्याहून ४ फूट खाली आहे. आढ्याच्या वर २ फूट जायचे तर छपराबाहेर ६ फूट नळी उघड्यावर राहील. ५ फुटांहून अधिक उघडी नळी असेल तर बहुतेक उत्पादक छपराला आधाराच्या दांड्या लावायला सांगतात. आणि बाहेर असलेला प्रत्येक फूट वाऱ्यात गार होतो. स्टोव्ह आढ्याच्या दिशेने ३ फूट नेता आला तर छपराबाहेर जेमतेम ३ फूट नळी उरेल आणि दोन्ही अटी एकदम पूर्ण होतील. क्लॉझेटची भिंत आड येत नसेल तर नक्की विचार करा.

ओंटारिओकर

एक भर घालतो. छतातली आधाराची पेटी, क्लास ए नळीचे तुकडे, माळ्यातले कडे, छपराचे फ्लॅशिंग (नळीभोवतीच्या भोकातून पाणी आत येऊ न देणारा पत्रा), पावसाची कॉलर आणि वरची टोपी हे सगळे एकाच उत्पादकाचे आणि एकाच मालिकेतले घ्या. दोन कंपन्यांचे तुकडे हाताला एकमेकांत बसल्यासारखे वाटले तरी त्यांची कुलपे वेगळी असतात, आणि मिसळलेल्या जोडणीची तपासणी झालेली नसल्यामुळे तिची मान्यता संपते. क्लॉझेटमध्ये नळीभोवती २ इंचांची जागा सोडून चारही बाजूंनी भिंती उभारून घ्या. तिथे उद्या कुणी रजया आणि गोधड्या रचल्या, तर त्या नळीला टेकता कामा नयेत.

पानगळ

आजचा वृत्तान्त देतो. स्टोव्हची जागा आढ्याकडे पावणेतीन फूट सरकवली. क्लॉझेटचा एक कोपरा जाईल, पण भिंत हलवावी लागणार नाही. ओळंबा आता तिन्ही ठिकाणी मधून जातो. छपराबाहेर सव्वातीन फूट नळी राहील आणि स्टोव्हच्या तोंडापासून टोपीपर्यंत एकूण उंची सुमारे २० फूट होईल. परवान्याचा अर्ज आज दिला. जोडनळी दुहेरी घेत आहे. दुकानदाराने विचारले की, सरळ तुकडे घ्यायचे की आत-बाहेर सरकणारा एक तुकडाही घ्यायचा. यात काही फरक पडतो का? आणि दुहेरी नळीवर तापमापक कसा लावायचा?

सरपण

सरकणारा तुकडा जरूर घ्या. तुमची चिमणी सरळ उभी आहे. वर्षातून एकदा तो तुकडा वर सरकवला की जोडनळी मोकळी होते, खाली पिशवी बांधून ब्रश थेट टोपीपर्यंत घालता येतो आणि स्टोव्ह जागचा हलवावा लागत नाही. पहिल्या हिवाळ्यात मात्र वर्षभर थांबू नका, जानेवारीच्या मध्यावर एकदा टोपी उतरवून आत पाहा. थर इंचाच्या आठव्या भागाइतका दिसला तरी लगेच सफाई करा आणि लाकूड तपासा. ढलपी फोडून तिच्या ताज्या बाजूवर आर्द्रतामापक टोचला तर आकडा २० टक्क्यांच्या खाली हवा.

चुंबकाने चिकटणारा तापमापक दुहेरी नळीवर लावून उपयोग नाही, कारण बाहेरचा पत्रा धुराचे तापमान सांगत नाही. त्यासाठी नळीला छोटे भोक पाडून आत शिरणाऱ्या दांडीचा तापमापक घ्यावा आणि तो स्टोव्हच्या तोंडापासून साधारण १८ इंचांवर बसवावा. काटा ४०० ते ९०० अंश फॅरेनहाइटच्या दरम्यान राहिला की विस्तव नीट चालला आहे. भोक पाडण्यापूर्वी नळीच्या उत्पादकाची त्याला परवानगी आहे का, हे कागदावर वाचून घ्या, आणि ते भोक सरकणाऱ्या तुकड्यावर पाडू नका. नाहीतर सफाईच्या दिवशी दांडी आड येते आणि तुकडा वर सरकत नाही.